बेलभंडारा, दृढकथन आणि सरपंचपद : नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचे प्रकरण

गावाचे नाव, माणसांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. घटनाक्रम आणि कायद्याचे मुद्दे तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

गाव नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातले, कांदा आणि मक्याचे. ग्रामपंचायत नऊ सदस्यांची, म्हणजे लोकसंख्या दीड ते तीन हजारांच्या टप्प्यातली. सरपंचाची निवड थेट जनतेतून झाली. ही पद्धत राज्यात २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे सरपंच नेमका कोणाला बांधील, मतदारांना की पॅनलला, हा प्रश्न गावोगाव अजून मुरलेला नाही. या प्रकरणाच्या मुळाशीही तोच होता, पण तो पुढे आला धर्माचे रूप घेऊन.

सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होते. निवडून आलेल्या ताई बौद्ध, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या, बोलायला मोजक्या. त्यांचे पॅनल उभे केले होते गावातल्या एका जुन्या कारभाऱ्यांनी. त्यांना इथे नाना म्हणू. नऊपैकी सहा सदस्य पॅनलचे, तीन विरोधकांचे.

या पट्ट्यात निकालानंतरचा क्रम ठरलेला असतो. गुलाल, मारुतीला नारळ, मग सगळे निवडून आलेले गाडीत बसून मालेगाव तालुक्यातल्या चंदनपुरीला. तिथे खंडोबासमोर बेलभंडारा, म्हणजे बेलाची पाने आणि हळद, उचलायचा आणि म्हणायचे : पॅनल सांगेल त्यालाच उपसरपंचपदाचे मत देईन, फुटणार नाही. यामागे निव्वळ भक्ती नाही आणि निव्वळ राजकारणही नाही. निकाल आणि पहिली सभा यांच्या मधल्या दिवसांत सदस्य फोडण्याचा बाजार भरतो. आधीच्या एका मुदतीत नानांच्या पॅनलचा एक सदस्य ऐन सभेत उलटला होता आणि उपसरपंचपद हातचे गेले होते. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले तरी उपयोग नाही. निवडून आलेल्याचे मत बांधून ठेवणारा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याने भारतीय करार कायद्याच्या कलम २३ पुढे टिकत नाही. कागद धरून ठेवू शकत नाही तिथे भंडारा धरतो, हा गावाचा अनुभव. तो समजून घेतल्याशिवाय नानांचा आग्रह समजत नाही.

ताईंच्या बाजूलाही तितकेच खोल काही होते. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या मुक्तिभूमीवर दरवर्षी जाणारे हे कुटुंब. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. खंडोबा शिवाचा अवतार मानला जातो. त्याच्या साक्षीने शब्द देणे म्हणजे आजोबांनी घेतलेली प्रतिज्ञा मोडणे, असे त्या मानत होत्या. म्हणजे एका शपथेच्या आड दुसरी, अधिक जुनी शपथ येत होती.

पेच कसा उभा राहिला

चंदनपुरीत ताई गेल्या. पायऱ्यांपर्यंत सगळ्यांबरोबर होत्या. भंडारा उचलण्याची वेळ त्यांच्यावर आली तेव्हा म्हणाल्या, "नाना, मत पॅनललाच देईन, हा माझा शब्द आहे. भंडारा मात्र उचलणार नाही. आमच्यात ते चालत नाही." नाना म्हणाले, "ताई, ही गावाची रीत आहे, धर्माचा विषय नाही." त्यांच्या मते खरोखरच नव्हता. पॅनलमधल्या मुस्लिम सदस्याने नुकताच भंडारा उचलला होता. त्याच्या घराण्याकडे यात्रेतले एक काम पिढ्यानपिढ्या आहे, आणि खंडोबाला मल्लूखान म्हणून मानणारे मुसलमान महाराष्ट्रात जुनेच आहेत. "त्याला चालते, मग तुम्हाला का नाही?" असा प्रश्न लगेच आला. इथे गल्लत झाली. कोणाला काय चालते हे त्याचा धर्म पाहून बाहेरून ठरवता येत नाही, ते ज्याचे त्यालाच ठरवायचे असते. एकाच्या होकारातून दुसऱ्याची सक्ती तयार होत नाही.

हे चाळीस-पन्नास सेकंदांचे बोलणे कोणीतरी मोबाइलवर टिपले. रात्री गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते "ताईंनी भंडारा उचलला नाही" असे आले. सकाळी त्याचे "सरपंचाने शपथ नाकारली" झाले आणि दुपारपर्यंत "सरपंचपदाची शपथ नाकारली, पद रद्द होणार". पॅनलची खासगी आण आणि पदाची शपथ या दोन वेगळ्या गोष्टी चोवीस तासांच्या आत एक झाल्या. पुढचा सगळा गोंधळ या एका सरमिसळीतून निघाला.

ग्रुपवर तीन दावे फिरू लागले.

पहिला : घटनेच्या कलम १८८ प्रमाणे शपथ बंधनकारक आहे आणि कलम १९३ प्रमाणे शपथ न घेता बसल्यास दिवसाला ५०० रुपये दंड. कलमे खरी आहेत, पण ती विधानसभा आणि विधान परिषदेच्या सदस्यांसाठी आहेत. खासदारांसाठी तशीच कलमे ९९ आणि १०४. शपथांचे नमुने घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यात मंत्री, खासदार, आमदार, त्या निवडणुकांचे उमेदवार, न्यायाधीश आणि महालेखापरीक्षक आहेत, पंचायतीच्या सरपंचाचा किंवा सदस्याचा नमुना त्यात नाही.

दुसरा : शपथ देवाच्या नावानेच घ्यावी लागते. हे तर आमदार-खासदारांनाही लागू नाही. अनुसूचीतला मराठी मजकूर "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" आणि "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो" असे दोन पर्याय शेजारी शेजारी देतो. दृढकथनात देवाचे नाव येत नाही, आणि निवड शपथ घेणाऱ्याची असते.

तिसरा, सर्वांत विखारी : "ताई हिंदू नाहीत, मग अनुसूचित जातीच्या जागेवर कशा?" अनुसूचित जाती आदेश, १९५० च्या तिसऱ्या परिच्छेदात आधी, पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये सर्व शीख आणि १९९० मध्ये बौद्ध जोडले गेले. म्हणजे तीन दशकांहून जुना झालेला प्रश्न नवा म्हणून विचारला जात होता. ज्या जिल्ह्यात काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, तिथे "हिंदू असाल तरच जागा" हे वाक्य हसत हसत पुढे पाठवले जावे, याचे वाईट वाटते.

ताईंच्या बाजूनेही चुकीचा दाखला दिला गेला. कोणीतरी लिहिले, मंत्री काय वाटेल त्याच्या नावाने शपथ घेतात, त्यांना कोण विचारते? विचारले जाते. केरळमध्ये २००१ साली एका आमदाराने श्रीनारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली, ती केरळ उच्च न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. ईश्वर किंवा दृढकथन, तिसरा पर्याय नाही. ३० डिसेंबर २०१९ ला महाराष्ट्रात मंत्र्यांच्या शपथविधीत के. सी. पाडवी यांनी पदरची वाक्ये जोडली, तेव्हा राज्यपालांनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली. कायद्याची शपथ अक्षरशः घ्यावी लागते. तिथे देवाची सक्ती नाही आणि मनाची भरही चालत नाही.

कोणते पर्याय तोलले

ताई, त्यांचे पती, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि पंचायत राज प्रशिक्षणाचे काम करणारे एक निवृत्त विस्तार अधिकारी यांच्यात बोलणे झाले. समोर चार वाटा होत्या.

गुपचूप जाऊन भंडारा उचलून यायचे. त्या आठवड्यापुरती शांतता मिळाली असती. पण पुढची पाच वर्षे प्रत्येक वादात "चला देवासमोर" हेच हत्यार निघाले असते, आणि आधीचा व्हिडिओ फिरत असताना हा होकार माघार म्हणूनच वाचला गेला असता. ताईंनी ही वाट ऐकूनही घेतली नाही.

पॅनल सोडायचे. विरोधकांनी निरोप पाठवला होताच. पण ताईंचे भांडण नानांच्या कारभाराशी नव्हते. मत पॅनललाच देण्याचा शब्द त्यांनी सर्वांसमोर दिला होता. फारकत घेतली असती तर "भंडारा उचलायचा नव्हता कारण फुटायचे होते" हा आरोप आपोआप खरा ठरला असता.

पोलिसांत जायचे. काही तरुण कार्यकर्त्यांचा ॲट्रॉसिटीच्या तक्रारीचा आग्रह होता. पंचायतीच्या अनुसूचित जातीतल्या सदस्याला किंवा पदाधिकाऱ्याला काम करण्यापासून धाकाने अडवणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे, हे खरे. पण तोवर कोणी धमकावले नव्हते, कामात अडवले नव्हते. आग्रह झाला होता, टोमणे झाले होते. नसलेली घटना तक्रारीत घातली तर पुढे खरी घटना घडली तरी कोणी विश्वास ठेवणार नाही, हे निवृत्त अधिकाऱ्यांचे म्हणणे ताईंना पटले. व्हिडिओ, संदेशांचे स्क्रीनशॉट आणि तारखा एका वहीत लावून ठेवल्या. पुढे गरज लागली असती तर हीच वही कामाला आली असती. हा निर्णय योग्य होता.

चौथी वाट : नकारावर ठाम राहायचे, शब्द पाळायचे आणि शपथ, मत व पद या तीन गोष्टी कागदावर वेगवेगळ्या करून गावापुढे ठेवायच्या. ही निवडली.

काय केले

*सदस्यत्व रद्द करण्याचा अर्ज.* विरोधकांनी तहसील कार्यालयात अर्ज दिला : सरपंचांनी शपथ नाकारल्याने पद रद्द करावे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये अपात्रतेची कारणे मोजून दिली आहेत : थकीत कर, दोनपेक्षा जास्त अपत्ये, सरकारी जागेवरचे अतिक्रमण, पंचायतीच्या कामात हितसंबंध वगैरे. देवळात आण घेतली नाही हे त्यात कुठेच नाही. शिवाय अपात्रतेचा निर्णय कलम १६ खाली जिल्हाधिकारी देतात, आणि निवडणुकीलाच आव्हान द्यायचे तर कलम १५ प्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात जावे लागते. अर्ज चुकीच्या टेबलावर, चुकीच्या कारणासाठी पडला होता आणि मुदतही निघून गेली. ताईंनी त्याला उत्तर म्हणून लांबलचक खुलासा लिहिला नाही. एका पानात एवढेच मांडले की अर्जात कलम १४ मधले एकही कारण नाही. धर्म, श्रद्धा, बाबासाहेब, खंडोबा, यातला एकही शब्द त्या पानात नव्हता. पहिल्या मसुद्यात होते. ते काढायला लावले, कारण श्रद्धेचे समर्थन लिहून दिले की श्रद्धा चौकशीचा विषय होते.

*पहिली सभा.* नोटिशीत विषय एकच होता, उपसरपंचाची निवड. सभेच्या वेळेपूर्वी दोन तासांपर्यंत अर्ज घेतले गेले. दोन उमेदवार राहिले. हात वर करून मतदान होणार म्हणून नाना निश्चिंत होते, पण एखाद्या सदस्याने मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावे लागते आणि ती मागणी विरोधकांच्या बाजूने आली. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा नानांचा उमेदवार निवडून आला, मात्र पॅनलच्या बेरजेपेक्षा एक मत कमी होते. सगळ्यांच्या नजरा ताईंकडे वळल्या. भंडारा उचललेले सहा जण तिथेच बसलेले असताना संशय गेला तो न उचललेल्या एकटीवर. मत कोणाचे फुटले हे गुप्त मतदानात कधीच कळणार नाही. ताईंनी "माझे नाही" असेही म्हणायचे नाही, हे आधीच ठरले होते. एकदा खुलासा दिला की दर वेळी द्यावा लागतो आणि गुप्त मतदानाला अर्थ उरत नाही. त्या बोलल्या नाहीत. हे सर्वांत कठीण होते.

*पदग्रहण.* गावाला काहीतरी सोहळा हवा होता, आणि हवा असण्यात गैर काही नाही. पहिला मसुदा असा होता की प्रत्येक सदस्याने कार्यालयात छोटी प्रतिज्ञा वाचावी, त्यात "ईश्वरसाक्ष" आणि "गांभीर्यपूर्वक" हे दोन्ही पर्याय असावेत. कागदावर हे न्याय्य दिसते. भाऊसाहेबांनी अडचण काढली : मोबाइल पुन्हा वर जातील, कोणी कोणता शब्द घेतला याची यादी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर येईल. विधानसभेत पर्याय निवडणाऱ्याभोवती सभागृहाचे संरक्षण असते, गावच्या चावडीत ते नसते. म्हणून पर्याय बाजूला ठेवून घटनेची उद्देशिका सर्वांनी मिळून वाचायचे ठरले. उद्देशिकेत ईश्वराचे नाव नाही, आणि ते चुकून राहिलेले नाही. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती संविधान सभेत मांडली होती, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. "विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य" हे शब्द मात्र त्यात आहेत.

वाचन झाले. ही कायद्याची शपथ नाही, म्हणून इतिवृत्तात "शपथविधी" असे लिहिले नाही, "उद्देशिकेचे सामूहिक वाचन" एवढेच लिहिले. कार्यालयाच्या बाहेर नानांनी नारळ फोडला. ताई उभ्या होत्या, खोबरे घेतले. कोणी सक्ती केली नाही, कोणी अडवले नाही.

निष्पत्ती

पद राहिले. अर्जाचे पुढे काही झाले नाही. नाना आणि ताई यांच्यातला मोकळेपणा मात्र परतला नाही. त्या एका मताचा संशय मध्ये कायम राहिला आणि पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव दोन सभा पुढे ढकलला गेला. चंदनपुरीची प्रथा चालूच आहे.

या सगळ्या धामधुमीत खरा धोका दुसरीकडेच वाढत होता. राखीव जागेवर निवडून आलेल्याने जात वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत दिले नाही तर निवड रद्द होते. ताईंनी उमेदवारी अर्ज भरताना पडताळणी समितीकडच्या अर्जाची पोच आणि हमीपत्र जोडले होते, पण पुढचे पुरावे गोळा व्हायचे होते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि विवाहित स्त्रीला तो माहेरचा, वडिलांकडचा द्यावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला नव्हता. माहेरच्या तालुक्यात जुन्या कोतवाल बुकात जन्माची नोंद सापडली, पण नावाचे स्पेलिंग आणि आडनाव वेगळे, म्हणून वंशावळीचे शपथपत्र करावे लागले. आजोबांच्या नोंदीत धर्म हिंदू, ताईंच्या दाखल्यात बौद्ध. हा फरक अपेक्षितच असतो, पण तो स्पष्ट करणारा कागद जोडला नसल्याने समितीने त्रुटी काढली. प्रमाणपत्र मुदत संपण्याच्या अगदी तोंडावर हाती आले. ज्या आठवड्यांत गाव भंडाऱ्यावर भांडत होते, त्याच आठवड्यांत हे काम पुढे सरकायला हवे होते.

वेगळे काय करता आले असते

गाडीत बसण्यापूर्वीच नानांना घरी जाऊन सांगायला हवे होते. नाना सर्वांसमोर नकार ऐकून दुखावले. हीच गोष्ट ओसरीवर सांगितली असती तर त्यांनीच काही तोड काढली असती, असे त्यांना ओळखणारे सांगतात. उमेदवारी देतानाच हा विषय निघायला हवा होता. बौद्ध उमेदवार घेताना बेलभंडाऱ्याचे काय, हे पॅनलने विचारले नाही आणि ताईंनी सांगितले नाही. दोघांनीही ते गृहीत धरले.

व्हिडिओ फिरू लागल्यावर पहिले दोन दिवस ताईंकडून काहीच आले नाही. वाद न घालण्याचा निर्णय बरोबर, पण गप्प राहण्याचा नव्हे. "चंदनपुरीतली ती पॅनलची आण होती, पदाची शपथ नव्हती. मत पॅनललाच आहे" एवढा दोन वाक्यांचा संदेश त्याच रात्री गेला असता तर आण आणि शपथ यांची सरमिसळ तिथेच थांबली असती. कलमांचे खुलासे त्यानंतरही करता आले असते.

भाऊसाहेबांनी ग्रुपवर उतरणे टाळले ते योग्यच. पण तीन दाव्यांची तीन उत्तरे, कलमांसह, कार्यालयाच्या फलकावर लावता आली असती. त्यांना ते पक्षपाती वाटेल अशी भीती होती. कायद्याचा मजकूर लावणे हा पक्षपात नाही, पण बदलीची टांगती तलवार असलेल्या माणसाने ती भीती बाळगणे समजण्यासारखे आहे. म्हणून असा फलक पंचायत समितीकडून, निकालाच्या दिवशीच, सर्व गावांना सारखा गेला पाहिजे : अपात्रतेची कारणे, निवडणुकीला आव्हान देण्याची मुदत, गुप्त मतदानाची मागणी कोण करू शकतो, आणि राखीव जागेवर निवडून आलेल्यांनी वैधतेचे कोणते कागद कधीपर्यंत द्यायचे.

आणि नानांच्या बाजूने एक. पॅनल फुटण्याची भीती खरी आहे, पण भंडारा उचलूनही एक मत फुटलेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पुढच्या वेळी उपसरपंचपद पहिली अडीच वर्षे कोणाला आणि पुढची कोणाला, हे सगळ्या सदस्यांना बसवून आधीच बोलून ठरवले, तर फुटण्याचे कारणच कमी होते. नानांनी हे ऐकून घेतले आहे. सहापैकी दोन सदस्य आता उघडपणे सांगतात की आम्हीही संकोचाने उचलला होता.